कवायत मास्तरांची चुकीची नेमणूक

सैन्यात अठ्ठावीस वर्षं कवायत शिकवून मास्तर निवृत्त झाले आणि घरी आले. पहिल्या आठ दिवसांत त्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले, दारातल्या चपलांच्या टाचा एका रेषेत आणल्या आणि दूधवाल्याला नीट उभं कसं राहायचं ते शिकवलं. नवव्या दिवशी बायकोने शिवणयंत्र थांबवलं. ती घरी बसून शाळांचे गणवेश शिवायची. तिने यंत्र थांबवलं म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं, हे मास्तरांना लग्नापासून ठाऊक होतं.

"अहो, डबे काय शिपाई आहेत का?" ती म्हणाली. "साखर शोधेपर्यंत चहा आटून जातो माझा. कुठेतरी नोकरी बघा. नाहीतर मीच एखादी बघते आणि घर तुम्ही सांभाळा."

मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं.

त्या दिवशी एकाच पानावर दोन जाहिराती होत्या आणि दोन्हींवर ठळक अक्षरांत छापलं होतं, 'विशेष प्रशिक्षण केंद्रासाठी अनुभवी प्रमुख हवेत'. एक जाहिरात सैन्याची होती. निवडक जवानांना दोरावरून उतरायला आणि चिखलातून सरपटायला शिकवणारं ते केंद्र होतं. दुसरी होती एका शाळेची, ज्यांचं शिकणं इतरांपेक्षा वेगळं असतं अशा मुलांच्या शाळेची. छापखान्यात कुणाची तरी डुलकी लागली असावी, कारण हिचा पत्ता तिच्याखाली गेला आणि तिचा हिच्याखाली. ही भानगड उघडकीला यायला पुढे वर्ष लागलं. मास्तरांनी आपला अर्ज सैन्याला म्हणून पाठवला आणि तो शाळेत जाऊन पडला.

शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. मुलाखतीच्या दिवशी ते सकाळपासूनच चक्रावले होते. या खेपेला सगळेच उमेदवार असे बारीक केस कापलेले आणि रुंद खांद्यांचे का, हे त्यांना कळेना. पहिल्याने पाण्याखाली चार मिनिटं राहता येतं असं सांगितलं. दुसऱ्याने काडेपेटीशिवाय आग पेटवून दाखवू का, असं विचारलं. तिसरा दारातून न येता खिडकीतून आला. चौथे मास्तर. ते दारातून आले, 'बसा' म्हटल्यावर बसले, आणि तेवढ्यावरच मंडळाचं निम्मं मत त्यांच्याकडे झुकलं.

"मुलं तुमच्याकडे येतात तेव्हा कशी असतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही विचारू नका. डावं-उजवं कळत नाही. बुटाची नाडी बांधता येत नाही. पहिला आठवडा आईच्या आठवणीने रडतात. काही जण तर अंथरुणात..." मास्तर अडखळले. "म्हणजे, होतं कधी कधी."

"होतं हो," मंडळातल्या एक बाई मायेने म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा मुलगा शाळेत होता. "मग तुम्ही काय करता?"

"गुपचूप चादर बदलायला लावतो. चारचौघांत बोभाटा करत नाही."

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं.

"आणि शिकवता कसं?"

"तुकडे करून."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"कामाचे," मास्तर म्हणाले. "एका वेळी एकच हालचाल. ती शंभरदा. ती अंगात मुरली की मग दुसरी."

"कधी हात उगारावा लागतो?"

"अठ्ठावीस वर्षांत एकदाही नाही. माझा आवाज पुरतो."

"आणि सहा महिन्यांनी?"

"स्वतःचं अंथरूण स्वतः घालतात, स्वतःचं ताट स्वतः घासतात. आईबाप ओळखत नाहीत, साहेब. शेवटच्या दिवशी मैदानावर आया रडतात."

मंडळातल्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मास्तरांची नेमणूक तिथल्या तिथे पक्की झाली. मुलाखत देऊन ते घरी आले तेव्हा त्यांचीही छाती फुगली होती. "इतकी समजूतदार माणसं सैन्याच्या मंडळावर मी पहिल्यांदाच पाहिली," असं त्यांनी बायकोला सांगितलं.

पहिल्या दिवशी मास्तर कडक इस्त्रीच्या कपड्यांत हजर झाले. खोल्यांमध्ये गुडघ्याएवढ्या खुर्च्या होत्या. भिंतींवर सूर्य, बदक आणि दात घासणारं अस्वल होतं. एका कोपऱ्यात चेंडूंनी भरलेला हौद होता. मास्तर सगळं बघत फिरले आणि मनाशी म्हणाले, वा, काय बेमालूम वेषांतर केलंय! शत्रूचा हेर आला तर त्याला काय कळणार, इथे जवान तयार होतात म्हणून! नऊ वाजता मुलं आली, सात वर्षांपासून सोळा वर्षांपर्यंतची. मास्तर थोडे गडबडले. पण खात्याच्या कामात प्रश्न विचारायचे नसतात, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. ही आपल्या संयमाची चाचणी असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं.

अंगणात सगळे जमले. मास्तरांनी टाचा जुळवल्या, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, "सावधान!"

रंगरूट, म्हणजे सैन्यात नवी भरती झालेली पोरं, मास्तरांना पाठीमागे 'भोंगा' म्हणायची, ते उगाच नाही. समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. स्वयंपाकीणबाईंच्या हातातलं पातेलं खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. एक मुलगा भिंतीला सलाम ठोकून उभा राहिला. एका गोलमटोल मुलाला इतकं हसू फुटलं की तो टाळ्या पिटत 'परत! परत!' ओरडू लागला. एक बारा वर्षांची मुलगी कानांवर हात दाबून धावत आत गेली आणि टेबलाखाली शिरली. ती दुपारपर्यंत बाहेर आली नाही.

शाळेच्या सगळ्यांत जुन्या शिक्षिका, त्यांना सगळे थोरल्या बाई म्हणत, धावत बाहेर आल्या. "मास्तर, आग कुठे लागलीय?"

"कुठेच नाही."

"मग ओरडलात कशाला?"

हा प्रश्न मास्तरांना आजवर कुणी विचारलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी न राहवून त्यांनी थोरल्या बाईंना बाजूला घेतलं आणि दबक्या आवाजात, म्हणजे फक्त शेजारच्या दोन वर्गांना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, विचारलं, "बाई, ही चाचणी संपणार कधी? खरे जवान कधी येणार?"

थोरल्या बाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. मग खुर्ची ओढून त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि ही शाळा कशाची आहे ते सावकाश, एकेक गोष्ट करत सांगितलं. नव्या मुलाच्या आईबापांना सांगत असत, अगदी तसंच.

मास्तर ऐकून घेऊन उठले, कार्यालयात गेले आणि राजीनामा लिहायला बसले. 'मी या पदास लायक नसून' एवढं लिहून झालं आणि पेन हातातून निसटून टेबलाखाली घरंगळलं. मास्तर खाली वाकले. टेबलाखाली ती मुलगी होती. तिने आपली जागा बदलून सगळ्यांत मोठं टेबल निवडलं होतं, आणि ते नेमकं मास्तरांचं होतं.

ती बोलत नसे. तिच्याकडे बटणांचा डबा असायचा, म्हणून सगळे तिला बटणवाली म्हणत. फरशीवर तिने बटणं मांडली होती. लहानापासून मोठ्यापर्यंत चाळीसेक बटणं, दोन बटणांमधल्या अंतरात केसाएवढाही फरक नाही. मास्तर गुडघ्यांवर आले, मग पोटावर झोपले आणि एक डोळा मिटून ओळ पाहू लागले. अठ्ठावीस वर्षं त्यांनी अशा एका ओळीसाठी घसा फोडला होता. हजारो पोरं त्यांच्या हाताखालून गेली, पण अशी ओळ त्यांना मिळाली नव्हती. मधलं एक निळं बटण किंचित पुढे आल्यासारखं वाटलं. ते सांगणार, तोच मुलीने बोट पुढे केलं आणि ते बटण मागे सरकवलं.

"शाबास," मास्तर म्हणाले.

तिने कानांवर हात ठेवले.

मास्तर बाहेर आले. राजीनाम्याचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. घरी गेल्यावर बायकोला म्हणाले, "अगं, तुझ्याकडे जास्तीची बटणं आहेत का? आणि हळू बोलायला कसं शिकतात?"

बटणं लगेच मिळाली. हळू बोलणं मात्र जमेना. मास्तरांच्या गळ्यात दोनच जागा होत्या, बंद आणि मैदान. त्यांनी आरशासमोर सराव सुरू केला. जेवताना 'मीठ दे' हे वाक्य ते सात वेळा वेगवेगळ्या आवाजांत म्हणत. सहा वेळा बायकोला ऐकूच जात नसे आणि सातव्यांदा ती दचकून मीठच सांडायची. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दार ठोठावून आल्या. "तुमच्याकडून आवाज नाही म्हणून आले. सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मास्तर कुजबुजले.

काकू बायकोला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मोठ्या डॉक्टरांना दाखवा हो. लवकर दाखवलेलं बरं."

महिन्याभराने मास्तरांना मधली एक जागा सापडली. घोगरी होती, पण होती. मग कामाला वेग आला. कवायतीच्या मैदानावर आखतात तशी त्यांनी वर्गापासून नळापर्यंत पावलं रंगवली, आणि रस्ता चुकणारी मुलं त्या पावलांवर पाय देत नळापर्यंत जाऊ लागली. हात धुण्याचे त्यांनी सात आकडे पाडले. एकला नळ, दोनला साबण, असं करत सातला टॉवेल. तो गोलमटोल मुलगा चारवर यायला तीन आठवडे घेत होता, आणि मास्तर तीन आठवडे एक-दोन-तीनच म्हणत होते. थोरल्या बाई म्हणाल्या, "आमच्या शास्त्रात याला मोठं नाव आहे, मास्तर." मास्तर म्हणाले, "आमच्यात याला रोजचं काम म्हणतात."

ते कोण, कुठले, हे थोरल्या बाईंना आता माहीत होतं. पण त्या मंडळापुढे चकार शब्द बोलल्या नाहीत. मास्तरांनी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पुन्हा जाहिरात द्यायची, पुन्हा तो खिडकीतून येणारा यायचा. राहू द्या."

वर्ष असंच गेलं असतं आणि पुढचंही. पण शाळेने माहितीपत्रक छापायला घेतलं. त्यात 'आमचे प्रमुख आणि त्यांची कारकीर्द' असं एक पान होतं. मास्तरांना खोटं लिहिता येत नसे. त्यांनी लिहिलं, 'पायदळ प्रशिक्षण, कवायत विभाग, अठ्ठावीस वर्षे. प्रावीण्य : संचलन, रायफल हाताळणी, खंदक खोदणे.' छपाईआधी तो कागद तपासायला डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर तेव्हा कुणाची तरी दाढ काढत होते. ती तशीच अर्धवट ठेवून ते शाळेत आले.

"मास्तर, खंदक?"

"हो, साहेब."

"तुम्ही म्हणालात, मुलांना नाडी बांधता येत नाही!"

"येतच नव्हती. एकोणीस-एकोणीस वर्षांचे घोडे, पण येत नव्हती."

डॉक्टर छोट्या खुर्चीवर बसले आणि तिच्यात अडकले. तसेच अडकलेले असताना त्यांनी वर्तमानपत्राला फोन केला, मग सैन्याच्या केंद्राला. तिकडून केंद्रावरच्या कर्नलसाहेबांचा आवाज आला, आणि त्यात स्पष्ट सुटकेचा भाव होता. "म्हणजे आमच्याकडे आलेल्या बाई तुमच्या का? मी वर्षभर विचार करतोय, मुख्यालयाने यांना का पाठवलं असेल म्हणून. पण खात्याच्या कामात प्रश्न विचारायचे नसतात."

ठरलं असं की मास्तरांनी तिकडे जायचं आणि बाईंनी इकडे यायचं. अदलाबदलीआधी मास्तरांनी केंद्र पाहून घ्यावं, म्हणून एका सोमवारी त्यांना बोलावलं.

मास्तर मैदानावर पोचले तेव्हा तिथे शांतता होती. त्यांना आधी वाटलं, सुट्टी असावी. पण सव्वाशे जवान कवायत करत होते. मैदानाच्या कडेला एक ठेंगण्या, चष्मा लावलेल्या बाई हातात एक लाल आणि एक हिरवं कापड घेऊन उभ्या होत्या. लाल वर गेलं की सगळे उजवीकडे, हिरवं गेलं की डावीकडे. बराकीत प्रत्येक पलंगाशी चित्रं चिकटवलेली होती : उठणे, दाढी, बूट, रायफल. जवानांच्या उजव्या बुटाच्या नाडीत लाल दोरा होता.

"हा कशाला?" मास्तरांनी विचारलं.

"काही जणांना डावं-उजवं पटकन उमगत नाही," बाई म्हणाल्या. "हुशार असतात हो, फक्त तेवढंच गोंधळतं. एकट्यादुकट्याला दोरा बांधला तर बाकीचे चिडवतात. म्हणून सगळ्यांनाच बांधला."

मास्तरांनी वाकून तो दोरा पाहिला. त्यांना एक पोरगा आठवला होता. बारा वर्षांपूर्वीचा, उंच, कामसू, नेमबाजीत पहिला. संचलनात मात्र तो दर वेळी उलटा वळायचा. मास्तरांनी त्याला दोन महिने मैदानाच्या मधोमध उभं करून ओरडून ओरडून शिकवलं आणि शेवटी 'अपात्र' असा शेरा मारून घरी पाठवलं. जाताना त्या पोराने सलाम केला होता, तोही डाव्या हाताने.

एवढ्यात कर्नलसाहेब आले. "मास्तर, तुमची ख्याती ऐकून आहे. होऊन जाऊ द्या एक हुकूम. वर्षभर इथे कुणी ओरडलेलं नाही, चुकल्याचुकल्यासारखं होतं."

मास्तरांनी टाचा जुळवल्या, छाती भरली आणि तोंड उघडलं. बाहेर आला तो घोगरा, मधल्या जागेचा आवाज, आता घरी मीठ मागत तसा. "सावधान."

सव्वाशे टाचा एकदम वाजल्या. जवान वर्षभर लक्ष देऊन ऐकायला शिकले होते.

"आवाजाला काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"वापरात नाही, साहेब," मास्तर म्हणाले.

अदलाबदल झाली नाही. बाईंनी सांगून टाकलं की या पोरांना मधेच सोडून मी हलणार नाही. मास्तरांनी तेच थोडक्यात सांगितलं. दोन्ही खात्यांच्या वरिष्ठांनी चार बैठका घेतल्या आणि निकाल दिला : दोघांचीही निवड रीतसर मुलाखतीने झाली असल्याने चूक कुणाचीच नाही. मात्र दोन वर्षांत बाईंनी कवायतीची परीक्षा आणि मास्तरांनी विशेष शिक्षणाची पदविका मिळवावी.

त्यानंतर मास्तरांनी एक काम केलं. घरी पाठवलेल्या त्या पोराचा पत्ता जुन्या सहकाऱ्यांकडून शोधून काढला आणि एका रविवारी तिथे गेले. पोरगा आता संसारी माणूस झाला होता. दारावर पाटी होती, 'मोटार चालवायला शिका'. मास्तरांनी पाटी दोनदा वाचली.

"भोंगा मास्तर!" तो आतून धावतच आला. आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

"तू गाडी शिकवतोस? तू?"

"हो. डावं-उजवं नाही म्हणत. 'पेट्रोल पंपाकडे घे', 'शाळेकडे घे' असं सांगतो. शिकणाऱ्यांनाही तेच सोपं जातं."

मास्तर घरून माफीचं भाषण पाठ करून आले होते. त्याचेही त्यांनी सात आकडे पाडले होते. पण ते एकवर अडकले. "तुझं चुकत नव्हतं," एवढंच म्हणाले. "मला शिकवता आलं नाही."

त्याने हातातल्या किल्ल्या खिशात टाकल्या. "मास्तर, तेव्हा हे ऐकलं असतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला. मग त्याने आत वळून बायकोला हाक मारली आणि मास्तरांना जेवायला थांबवून घेतलं.

पदविकेच्या वर्गात मास्तर पंचावन्नाव्या वर्षी पहिल्या बाकावर बसले. बाकी सगळ्या विशी-बाविशीच्या मुली होत्या. त्या त्यांना 'काका' म्हणत आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी मानसशास्त्राची टिपणं देत. त्या बदल्यात मास्तर त्यांना ताठ बसायला शिकवत. तिकडे बाई कवायतीच्या परीक्षेत पहिल्या झटक्यात उत्तीर्ण झाल्या. मास्तर लेखीत पास झाले आणि प्रात्यक्षिकात नापास. परीक्षक आले तेव्हा मास्तर बटणवालीबरोबर टेबलाखाली होते, आणि परीक्षकांना वाटलं, हे पालक असावेत. त्यांनी बराच वेळ परीक्षार्थीची वाट पाहिली आणि शेवटी 'गैरहजर' लिहून निघून गेले.

दुसऱ्या खेपेला थोरल्या बाई दारातच उभ्या राहिल्या. परीक्षक येताच त्यांनी बोट दाखवलं, "टेबलाखाली. तेच आमचे प्रमुख."

परीक्षक वाकले. आत बटणांची ओळ होती, तिच्या एका टोकाला मुलगी आणि दुसऱ्या टोकाला पोटावर झोपलेले मास्तर. परीक्षकांनी पहिला प्रश्न विचारला. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवून त्यांना आत यायची खूण केली. परीक्षकांनी इकडे तिकडे पाहिलं, कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि गुडघ्यांवर रांगत आत शिरले. मुलीने त्यांच्यासाठी थोडं सरकून जागा केली.